गाठ जबड्यातली

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जे. जे. मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या एका १७ वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या खालच्या जबड्याची उजवी बाजू सुमारे दीड वर्षापासून सुजलेली होती. गावाकडच्या डॉक्टरांना सुजेचे कारण सापडत नव्हते. हा कॅन्सर तर नसेल, या धास्तीने वडील त्याला घेऊन मुंबईला आले. शस्त्रक्रिया जवळजवळ सात तास चालली. दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे यांनी नंतर सांगितले, की गाठ नेहमीच्या उपकरणांनी कापली जाईना, तेव्हा साधी छिन्नी आणि हातोडा हाती घ्यावा लागला. गाठ उघडली आणि आतून मोत्यांसारखे छोटे छोटे दात एकामागून एक बाहेर पडू लागले. मोजले तेव्हा ते भरले २३२. त्यांच्या जोडीला गोटीसारखा एक टणक गोळाही होता. मुलाच्या तोंडात नेहमीचे २८ दात शिल्लक राहिले, आणि जबड्याचे हाड शाबूत असल्यामुळे चेहरा विद्रूप होण्याची भीती उरली नाही.

ही बातमी जगभर छापून आली, ती त्या आकड्यामुळे. वैद्यकीय साहित्यात यापूर्वी ३७ दातांची नोंद आहे आणि हा विक्रम आहे, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले आणि हा विक्रमही मागे पडला. या आकड्यांना आम्ही फारसे महत्त्व देत नाही. खसखशीएवढ्या कणाला दात म्हणायचे की नाही, हे मोजणाऱ्यावर अवलंबून असते. आमच्या मते बातमीतला खरा महत्त्वाचा आकडा दुसराच होता. तो म्हणजे दीड वर्ष.

मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूरला जाताना वाटेत लागते. मलकापूरला मुंबई-नागपूर रेल्वे मिळते आणि तिथून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचला. योगायोग असा, की त्याच सुमारास पॅरिसमध्ये पॉल ब्रोका हा शल्यचिकित्सक दाताच्या ऊतकांपासून बनणाऱ्या गाठींना ‘ओडोंटोम’ हे नाव देत होता. मेंदूतल्या वाचाकेंद्राचा शोध लावणारा तो हाच ब्रोका. म्हणजे बुलढाण्याच्या मुलाला मुंबईला नेणारा रेल्वेमार्ग आणि त्याच्या रोगाचे नाव या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वयाच्या. तरीही गाठ आणि तिचे नाव यांची भेट व्हायला दीड वर्ष लागले. का लागले, हे समजून घ्यायचे तर जबड्यातली गाठ ओळखण्याची विद्या कशी घडत गेली ते पाहावे लागेल.

आधी दाताविषयी थोडे. वर्गात आपण दाताचा उभा छेद काढतो. वर दंतवल्क म्हणजे इनॅमल, त्याखाली डेंटिन, मध्ये मगज. हा दात बनतो कसा, हे मात्र फार क्वचित सांगितले जाते. गर्भ सहा आठवड्यांचा होतो त्या सुमारास तोंडाच्या आतल्या आवरणातून पेशींची एक पट्टी खालच्या मऊ ऊतकात शिरते. या पट्टीवर जागोजाग कळ्या येतात. दुधाच्या दातांच्या २० आणि नंतर कायमच्या दातांच्या ३२. प्रत्येक कळीत दोन पक्ष असतात. वरून आलेल्या आवरणपेशी पुढे दंतवल्क बनवतात. खालून आलेल्या पेशी डेंटिन आणि मगज बनवतात. यांतला कोणताही पक्ष एकट्याने दात बनवू शकत नाही. खालच्या पेशी डेंटिन घालू लागल्या, की तो निरोप मिळून वरच्या पेशी दंतवल्क घालू लागतात. १९७० च्या सुमारास कोलर आणि बेअर्ड यांनी उंदराच्या भ्रूणावर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी दाताच्या कळीतला खालचा भाग घेतला आणि त्यावर चक्क पायाच्या तळव्याची त्वचा बसवली. तरीही दात तयार झाला! तळव्याच्या पेशींनी दंतवल्क बनवले, कारण खालून तसा निरोप आला होता.

या देवघेवीत कुठे बिघाड झाला, की गाठ होते. बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला, यावर गाठीची जात ठरते. दोन्ही पक्षांनी आपापले काम शेवटपर्यंत नेले, पण थांबायचे कुठे हेच कळले नाही, तर ओडोंटोमा तयार होतो. यात दंतवल्क, डेंटिन, मगज सारे काही असते. कधी ते चिमुकल्या दातांच्या रूपात असते, याला संयुक्त ओडोंटोमा म्हणतात. कधी त्या सगळ्याचा आकारहीन टणक गोळा होतो, तो मिश्र ओडोंटोमा. पहिला प्रकार बहुधा वरच्या जबड्यात पुढे आढळतो, दुसरा खालच्या जबड्यात मागे. बुलढाण्याच्या मुलात दोहोंचेही अंश होते. ओडोंटोमा एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि थांबतो. शस्त्रक्रियेने काढला, की तो सहसा पुन्हा येत नाही. म्हणून अनेक तज्ज्ञ त्याला खरे अर्बुद मानायलाही तयार नसतात. ती विकासात झालेली चूक आहे, असे ते म्हणतात.

पण दंतवल्काच्या बाजूच्या पेशीच बेलगाम झाल्या आणि त्यांनी दंतवल्क बनवण्याचे काम कधी हातीच घेतले नाही, तर अमेलोब्लास्टोमा होतो. तोही ‘सौम्य’ गाठींत मोडतो. या शब्दाने मात्र फसू नये. वैद्यकात सौम्य याचा अर्थ एवढाच, की गाठीच्या पेशी रक्तातून किंवा लसिकेतून दूर जाऊन दुसऱ्या अवयवात घर करत नाहीत. शेजारी त्या काय करतात, याविषयी हा शब्द काही सांगत नाही. अमेलोब्लास्टोमा हळूहळू, वर्षानुवर्षे, बहुधा न दुखता जबड्याचे हाड पोखरत जातो. नुसता खरवडून काढला, तर हाडाच्या जाळीत दडलेल्या पेशी राहून जातात आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ परत येते. कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून गाठीभोवतीचे एक-दोन सेंटिमीटर चांगले हाडही काढावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मुलांचा गाल सारखाच सुजलेला दिसतो. एकाची गाठ फोडून काढायची आणि हाड राखायचे, दुसऱ्याचा अर्धा जबडा काढावा लागण्याची शक्यता. निदानाला एवढे महत्त्व का, ते यावरून ध्यानात येईल.

जुन्या लोकांना यातले काय ठाऊक होते? सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांत जास्तीच्या दाताचा उल्लेख आहे, आणि तो उपटून ती जागा डागावी असा उपचारही आहे. ‘अर्बुद’ हा शब्दही तिथलाच. हळू वाढणारी, खोल रुजलेली, न पिकणारी मांसाची गाठ असे अर्बुदाचे वर्णन तिथे येते, आणि ते आजही पटण्यासारखे आहे. पण हाडाच्या आत काय आहे, हे जगात कुठल्याच वैद्याला दिसत नव्हते. निदान करायचे ते बोटांनी आणि डोळ्यांनी. सूज टणक की मऊ, दात हलतात की नुसते सरकले आहेत, ओठ बधिर झाला आहे का, दाबल्यावर अंड्याचे टरफल दबावे तसा आवाज येतो का. या खुणा आजही दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. हाड आतून पोखरून बाहेरची भिंत कागदासारखी पातळ झाली असेल, तर ती खरोखरच टरफलासारखी दबते. आणि ओठ बधिर झाला असेल तर गाठ सौम्य असण्याविषयी शंका घ्यावी लागते, कारण सौम्य गाठ मज्जातंतूला बहुधा बाजूला सारते, त्यात शिरत नाही.

उपचाराचा इतिहास निदानापेक्षा धाडसी आहे. काही वेळा नको इतका. १८१० मध्ये अमेरिकेत टेनेसी इथे विल्यम डेडरिक याने चौदा वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्याचा गाठीसह मोठा भाग काढला. १८१२ मध्ये पॅरिसला द्युपुइत्रँने तसेच केले. भूल तेव्हा नव्हती. रुग्णाला धरून ठेवायला माणसे आणि हाड कापायला करवत! जबडा कापणे हा म्हणूनच शेवटचा उपाय होता. सर्वसामान्य माणूस गाठ घेऊनच जगे. ती किती वाढू शके, याचा एक पुरावा चित्रांत आहे. चीनमध्ये कँटनला पीटर पार्कर या अमेरिकन डॉक्टरने १८३५ मध्ये रुग्णालय काढले. लाम क्वा या चिनी चित्रकाराने पार्करच्या रुग्णांची तैलचित्रे काढली. ती बहुतांशी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात आहेत. त्यांत डोक्याएवढ्या गाठी मानेवर, जबड्यावर वागवणारी माणसे शांतपणे आपल्याकडे पाहत बसलेली दिसतात. त्या गाठींपैकी बऱ्याच सौम्य असणार, हे कसे कळते? घातक गाठ एवढी वाढेपर्यंत माणूस जगलाच नसता.

भुलेचा पहिला जाहीर प्रयोगही जबड्याच्या आसपासच झाला, हे फारसे कुणी सांगत नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने गिल्बर्ट अबट या तरुणाला ईथर हुंगवले आणि डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या जबड्याखालची, मानेच्या डाव्या बाजूची रक्तवाहिन्यांची गाठ कापली. ती गाठही सौम्यच होती. मॉर्टन स्वतः दंतवैद्य होता. दात उपटताना रुग्ण किंचाळतात, ही त्याची रोजची अडचण, आणि त्यातूनच तो ईथरकडे वळला. आपल्याकडे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय हे आदल्याच वर्षी, १८४५ मध्ये सुरू झाले होते.

भूल आली, निर्जंतुक शस्त्रक्रिया आली, तरी हाडाच्या आतले अजून दिसत नव्हते. तो पडदा उठला १८९५ च्या अखेरीला. राँटजेनने क्ष-किरणांचा शोध जाहीर केल्याला दोन-तीन आठवडे झाले नाहीत, तोच जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांची क्ष-किरण प्रतिमा घेतली. त्यासाठी त्याला २५ मिनिटे किरणांपुढे निश्चल राहावे लागले. आज हेच काम सेकंदाच्या छोट्या अंशात होते. दात आणि हाड हे क्ष-किरणांना अडवणारे पदार्थ, त्यामुळे क्ष-किरणांचा दंतवैद्यकाला जेवढा उपयोग झाला तेवढा फार थोड्या शाखांना झाला असेल. ओडोंटोमा पांढऱ्या तुकड्यांच्या पुंजक्यासारखा दिसतो आणि त्याभोवती काळी बारीक कडा असते. अमेलोब्लास्टोमाच्या जागी साबणाच्या फेसासारखे काळे बुडबुडे दिसतात. १९५० च्या सुमारास फिनलंडच्या पाटेरो याने किरणांचा स्रोत आणि फिल्म डोक्याभोवती फिरवून दोन्ही जबडे एकाच चित्रात उलगडून दाखवण्याची पद्धत विकसित केली. १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला आणि गाठीची खोलीही मोजता येऊ लागली.

मग क्ष-किरण आले आणि प्रश्न सुटला का? नाही. छायाचित्रात दिसते ते हाडाचे पोखरणे. पोखरणारा कोण, हे नेहमीच दिसते असे नाही. फेसासारखे बुडबुडे दोन-तीन वेगवेगळ्या रोगांत दिसू शकतात. इथे सूक्ष्मदर्शक लागतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा तुकडा पाहून तिची जात सांगण्याची परंपरा १८५८ च्या फिरखोव्हच्या पेशी-विकृतिशास्त्रापासूनची. अमेलोब्लास्टोमाचीच गोष्ट पाहा. १८२७ मध्ये डब्लिनच्या क्यूसॅकने अशा गाठीचे वर्णन केले, पण नाव नव्हते. १८८५ मध्ये फ्रान्सच्या मालासेने, दात बनून झाल्यावर मुळांभोवती मागे राहिलेल्या आवरणपेशींचे पुंजके दाखवले आणि या गाठी त्यांसारख्या पेशींपासून होत असाव्यात असे सुचवले. त्याने दिलेल्या नावातून दंतवल्कासारखी कठीण गाठ असा भास होई, प्रत्यक्षात त्या गाठीत दंतवल्क नसतेच. म्हणून १९३० मध्ये आयव्ही आणि चर्चिल यांनी ‘अमेलोब्लास्टोमा’ हे नाव सुचवले, दंतवल्क बनवणाऱ्या पेशींवरून. पहिले वर्णन ते आजचे नाव या प्रवासाला शंभरावर वर्षे लागली.

नावांचा घोळ अजून संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जबड्याच्या गाठींचे पहिले वर्गीकरण १९७१ मध्ये प्रसिद्ध केले, दुसरे १९९२ मध्ये. यात केरॅटोसिस्ट नावाची एक विकृती पाण्याच्या पिशवीत, म्हणजे सिस्टमध्ये, धरली जाई. ती वारंवार परत येते आणि तिच्या पेशींत जनुकीय बदल सापडतात, म्हणून २००५ मध्ये तिला अर्बुदाचा दर्जा दिला गेला. २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये ढकलले. म्हणजे बारा वर्षे ती गाठ होती, त्याआधी नव्हती आणि आताही नाही! जबड्यातली पेशी मात्र तीच. एखाद्या रुग्णालयात २००४ पर्यंत किती अर्बुदे आणि २००६ नंतर किती, अशी तुलना कुणी केली, तर २००५ नंतर जबड्याच्या अर्बुदांचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते. विद्यार्थ्यांना आकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

आकडेवारीचाच आणखी एक पेच आहे. अमेरिका-युरोपातल्या बहुतेक नोंदींत जबड्याच्या दंतोद्भव गाठींमध्ये ओडोंटोमा पहिल्या क्रमांकावर असतो. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक नोंदींत अमेलोब्लास्टोमा पुढे दिसतो. हा वंशाचा फरक असेल का? काहींनी तसे म्हटले आहे. आम्हाला दुसरे कारण अधिक पटते. ओडोंटोमा बहुधा दुखत नाही, फारसा सुजत नाही. दुसऱ्याच कारणासाठी, दात सरळ करण्यासाठी वगैरे, क्ष-किरण चित्र काढले की तो अचानक सापडतो. जिथे शाळकरी मुलांच्या जबड्यांची चित्रे सर्रास काढली जातात तिथे तो सापडेल. जिथे गाल टम्म फुगल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही, तिथल्या नोंदीत अमेलोब्लास्टोमाच भरणार. नोंद रोगाची असते तशी ती लोकांच्या परिस्थितीचीही असते.

२०१४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. बुलढाण्याच्या मुलाची बातमी गाजत होती त्याच वर्षी संशोधकांनी दाखवून दिले, की बऱ्याच अमेलोब्लास्टोमांमध्ये ‘बी-रॅफ’ या जनुकात एकच ठराविक बदल असतो. हाच बदल त्वचेच्या एका घातक कॅन्सरमध्येही आढळतो आणि त्याला रोखणारी औषधे आधीच तयार होती. ती देऊन गाठ आधी लहान करायची आणि मग थोडेच हाड काढायचे, असे प्रयत्न सुरू झाले आहेत. अजून मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच. पण काढलेल्या हाडाची जागा आता रिकामी राहत नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, त्याला जबड्याचा आकार देऊन बसवण्याची रीत दाखवली. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत आता ती नित्याची झाली आहे. पायाला त्या हाडाची उणीव फारशी भासत नाही, कारण शरीराचा भार मुख्यतः नडगीचे हाड पेलते.

पुन्हा त्या दीड वर्षाकडे येऊ. विदर्भात खर्रा, गुटखा आणि तंबाखूची मशेरी यांचे प्रमाण मोठे. तोंडाचा कॅन्सर प्रत्येकाने आसपास पाहिलेला असतो. त्यामुळे जबडा सुजला की मनात पहिला विचार तोच येतो. या धास्तीने एक बाप मुलाला घेऊन ५०० किलोमीटर जातो. दुसरा त्याच धास्तीने घरातच बसतो, कारण कॅन्सर असेल तर उपाय नाही असे त्याने ठरवून टाकलेले असते. वास्तविक शाळकरी वयात जबड्यात सावकाश वाढणारी, न दुखणारी टणक सूज कॅन्सरची असण्याचा संभव थोडा आणि सौम्य गाठीचा किंवा सिस्टचा संभव अधिक. तो कोणता, हे ठरवायला पहिले पाऊल म्हणजे एक क्ष-किरण चित्र.

शाळेत शिक्षकाला आणखी एक खूण दिसू शकते. वरचे पुढचे दोन कायमचे दात मुलांना साधारण सात-आठ वर्षांच्या वयात येतात. एका बाजूचा दात आला आणि सहा महिने उलटून गेले तरी दुसऱ्या बाजूचा आला नाही, किंवा दुधाचा दात पडतच नाही, तर वाटेत काहीतरी आडवे आले आहे असे समजावे. बहुधा तो एखादा जास्तीचा दात असतो, कधी छोटा ओडोंटोमा असतो. तो या वयात काढला, तर अडकलेला दात अनेकदा आपला आपण खाली उतरतो. मोताळ्यासारख्या ठिकाणाहून यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. दाताची छोटी फिल्म काढणारे यंत्र आता तालुक्याच्या गावातल्या खासगी दंतवैद्याकडेही असते, आणि गाठ दिसलीच तर पुढे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. काढलेली गाठ, कितीही छोटी आणि निरुपद्रवी वाटली तरी, फेकून न देता फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला पाठवायची असते, एवढे मात्र पालकांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.